भिंतीपलीकडची विहीर

शाळेत वार्षिक परीक्षेचे पेपर तपासत बसले होते. शिपाई दारात येऊन म्हणाला, "बाई, मोठ्या बाईंच्या खोलीत तुमचा फोन आहे. तासगावहून." तासगावहून मला फोन करणारं कुणी नव्हतं. दादा फोनला हात लावायचा नाही. ज्याचं तोंड दिसत नाही त्याच्याशी काय बोलायचं, असं त्याचं म्हणणं. म्हणजे पलीकडे दादा नव्हता, आणि दादा नसून तासगावहून फोन आला म्हणजे तो दादाबद्दलच असणार... मोठ्या बाईंच्या खोलीपर्यंत जाता जाताच मला हे कळून चुकलं. फोनवर बाजारातला एक ओळखीचा कापडवाला होता. "ताई, दस्तगीरभाई गेलं. बसल्या जागी," एवढंच म्हणाला. मागं आठवडी बाजाराचा गलका तसाच चालू होता.

साताऱ्याहून कराड, कराडहून तासगाव, तिथून आमच्या गावची एसटी. वाटेतलं काही आठवत नाही. तासगाव सोडल्यावर द्राक्षांचे मांडव संपतात आणि आमच्या बाजूचा उघडा माळ सुरू होतो, तिथं मला रडू फुटलं. शेजारच्या बाईनं न विचारता माझा हात धरला. तिच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या आणि त्या बहुधा दादानंच भरलेल्या असणार, कारण त्या भागात दुसरं कोण भरणार होतं?

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ दस्तगीर. आम्ही मणेर, गावोगाव फिरून बायकांना बांगड्या भरणारे मुसलमान. वडील लवकर गेले तेव्हा दादानं बांगड्यांची पेटी खांद्यावर घेतली आणि मला शाळेत घातलं. आज मी साताऱ्यात मुलींना मराठी शिकवते ते त्या पेटीच्या जोरावर. या पुरवणीत गेलेल्या माणसांवरचे लेख मी नेहमी वाचते आणि दर वेळी मला प्रश्न पडतो, की इतकी देवमाणसं एकाच जिल्ह्यात झाली तरी कशी? मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते उगाच नाही. माझा दादा देवमाणूस नव्हता. तंबाखू मळायचा. शुक्रवारची नमाज सोडली तर मशिदीत दिसायचा नाही. यात्रेत तमाशाचा फड आला की पुढं जाऊन मांडी ठोकायचा. रोजे धरायचा, पण दुपारनंतर त्याच्या वाटेला जायची कुणाची टाप नव्हती. बायकांशी खोटं बोलायचा. पेटीत उरलेला कुठलाही रंग काढून "ह्यो फकस्त तुज्यासाठीच ठिवलाय बग, आक्का" म्हणायचा आणि त्या घ्यायच्या.

पण बांगड्या भरताना बाईचा हात मणेराच्या हातात असतो. हात असा सैल सोडून बसलेली बाई मनातलं बोलते. कुणाच्या घरात चूल पेटली नाही, कुणाच्या मनगटावर वळ उठलाय, कुणाला माहेरी जाऊ देत नाहीत, हे सगळं दादाला आधी कळायचं. मग तो संध्याकाळी त्या नवऱ्याला चावडीपाशी गाठायचा, तंबाखूची चिमूट पुढं करायचा आणि हळू आवाजात असं काही बोलायचा, की पुढच्या बाजाराला त्या मनगटावर वळ नसायचा. आमच्या जातीतले असोत नाहीतर मराठा-धनगर असोत, लोक भांडणं घेऊन आमच्या अंगणात यायला लागले ते यामुळे. दादाला याची कटकट व्हायची. "मला काय न्यायाधीश केलंय व्हय रं?" म्हणायचा, आणि निवाडा करायचा.

आता ज्या माणसासाठी हा लेख लिहायला घेतला त्याच्याकडे येते. लेख दादावर आहे, पण लिहायला घेतला तो त्या माणसासाठी. त्याचं खरं नाव इथं घालायचा मोह मला फार झाला होता. पुरवणीच्या संपादकांनी नको म्हटलं, म्हणून मी त्याला गनीसाहेब म्हणते. तो वाचेल तेव्हा त्याला कळेल.

आमच्या मुसलमान वस्तीचा जुना सदर वारला. सदर म्हणजे जमातीचा पुढारी. मशीद, कबरस्तान, मशिदीच्या आवारातली विहीर, लग्नाकार्यातले वाद, सगळं त्याच्या हातात असतं. नवा सदर कोण, यावर दोन नावं आली. एक गनीसाहेब आणि दुसरं, त्याला न विचारता, दादाचं. आमचं घर मशिदीला लागून आहे. घर आणि मशिदीचं आवार यांच्यामध्ये एकच मातीची भिंत. त्यामुळे आमच्या घरातल्या बायकांनी मशिदीतलं सगळं राजकारण पिढ्यान्‌पिढ्या भिंतीआडून ऐकलेलं आहे. त्या शुक्रवारीही मी आणि हुर्मतभाभी, म्हणजे दादाची बायको, भिंतीशी बसून धान्य निवडत ऐकत होतो. घरात आणि मशिदीत आमची बोली दखनी आणि गावरान मराठी यांची खिचडी असते. इथं मी ती मराठीतच लिहिते.

गनीसाहेबांबद्दल वाद नव्हता. पाच वेळच्या नमाजा तर सोडाच, रात्री उठून पढायची जास्तीची नमाजही त्यांनी कधी चुकवली नव्हती. कपाळावर सजद्याचा, म्हणजे नमाजेत जमिनीला टेकून टेकून पडलेला, काळा डाग. दुसऱ्याच्या बांधावरची चिंच उचलून तोंडात टाकली नसेल. बाईमाणसाकडे मान वर करून पाहिलं नाही, अशी ख्याती. कुणीतरी म्हणालं, "दस्तगीर मानूस चांगला, पर नमाज पढत न्हाई. अल्लाला भीत न्हाई त्यो आमाला काय भिनार?" त्यावर मिरजेकडचे आमचे म्हातारे इमाम, हाफिजसाब, बोलले. "नमाजला पुढं कोन हुबा ऱ्हानार आसं इचारलं, तर मी गनीसाबचं नाव घीन. त्येंच्या मागं हुबा ऱ्हायला मला आनंद हाय. पर किल्ली कुनाच्या हातात द्यायची ही गोष्ट येगळी हाय. पैगंबरसाहेबांचा एक लय आवडता साथीदार हुता. लय सादा, लय भक्तीचा. त्यानं कारभार मागितला तवा त्येला सांगितलं, तुला ह्ये झेपायचं न्हाई, ही अमानत हाय, लोकांची ठेव. आता त्येचा धरम कमी हुता व्हय?" भाभी माझ्या कानाशी म्हणाली, "म्हातारा शाना हाय गं." मग हात वर झाले. गनीसाहेब सदर झाले आणि दादा हसत घरी आला. "सुंठीवाचून खोकला गेला," म्हणाला, आणि जेवायला बसला.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. त्याचं वर्णन मी करणार नाही, ज्यांनी पाहिला त्यांना नको आहे आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना कळणार नाही. एवढंच सांगते, की बांगड्यांचा धंदा बसला तो पैशावाचून नव्हे. बायकांचे हात इतके वाळले होते की भरलेल्या बांगड्या गळून पडायच्या. दादा रिकामा परत येऊन म्हणायचा, "आज कुनाचाबी हात माज्या हातात ठरला न्हाई, नूरी. सगळं हात निसटून जात्यात." गावातल्या विहिरी आटल्या. एकच आटली नाही. ती आमच्या भिंतीपलीकडे होती.

मशिदीची विहीर जुनी, खोल, दगडी बांधणीची. कुणा पूर्वजानं नमाज्यांच्या वजूसाठी, म्हणजे नमाजेआधी हातपाय-तोंड धुण्यासाठी, ती अल्लाच्या नावानं देऊन टाकली होती. गनीसाहेबांनी तिच्या लोखंडी फाटकाला कुलूप घातलं. वजूपुरतं फाटक उघडायचं, नमाज झाली की बंद. दादा त्याच्याकडे किती वेळा गेला त्याला गणती नाही. एकदा मी सुट्टीत घरी होते तेव्हाचं बोलणं मी माझ्या कानांनी ऐकलं.

"सदरसाब, सकाळचं तरी बायकांस्नी भरू द्या."

"अमानत हाय ती, दस्तगीर. देनाऱ्यानं वजूसाठी दिली. मी प्यायला दिली तर कयामतीच्या दिवशी जाब मला द्यावा लागंल. ती माजी न्हाई, तुजीबी न्हाई."

"मंग कुनाची?"

"अल्लाची."

"आवं, अल्लाला तहान लागत न्हाई," दादा म्हणाला.

यावर गनीसाहेबानं तौबा तौबा केली आणि कुलूप ओढून पाहिलं. लोक मला सांगतात, तो लबाड नव्हता. मलाही ठाऊक आहे तो लबाड नव्हता! त्यानं स्वतःच्या घरीही त्या विहिरीचं पाणी कधी नेलं नाही, त्याची सून सगळ्यांबरोबर लांबच पाण्याला जायची. लबाड असता तर किती बरं झालं असतं. लबाडाला कोंबडं देऊन आम्ही पाणी मिळवलं असतं. हा माणूस खरोखरीच अल्लाला भीत होता, पण ती भीती सगळी स्वतःपुरती होती. आपला जाब, आपली कयामत, आपली जन्नत. वस्तीतली चाळीस घरं तहानेनं तडफडली तरी त्याच्या पदरी पाप लागणार नव्हतं, असं त्याचं शास्त्र. आणि बाईकडे मान वर करून न पाहण्याचं त्याचं ते पुण्य... त्यापायी बायकांच्या डोक्यावरच्या रिकाम्या घागरी त्याला कधी दिसल्याच नाहीत.

हुर्मतभाभी त्या दिवसांत भिंतीला टेकून बसायची. नमाजेची वेळ झाली की पलीकडे रहाट करकरायचा, बादली वर यायची, आणि हातापायांवरून सांडलेलं पाणी दगडी पन्हळीतून खळखळत जायचं. "ऐक गं," ती मला म्हणाली होती, "किती सांडत्यात बग." मग घागर उचलून बाकीच्या बायकांबरोबर माळावरच्या दगडाच्या खाणीकडे निघायची. खाणीच्या तळाशी थोडं हिरवं पाणी उरलं होतं. उतरायला पायऱ्या नव्हत्या, फोडलेल्या दगडांचे टप्पे होते. एके दिवशी वर येताना तिचा पाय सुटला. वरच्या वस्तीवरच्या सोनाबाई धनगरणीनं तिचा पदर धरला होता, तो फाटून तिच्या हातात राहिला. भाभीला घरी आणलं तेव्हा ती शुद्धीत होती. रात्र काढली नाही तिनं. मूलबाळ नव्हतं त्यांना, दादाला तीच होती.

भाभीची बातमी कळून मी साताऱ्याहून पोचले तेव्हा गुस्लाची, म्हणजे मय्यतीला अंघोळ घालायची, तयारी चालली होती. आणि विहिरीचं फाटक सताड उघडं होतं. गनीसाहेब स्वतः किल्ली घेऊन उभा. मान खाली घालून म्हणत होता, "लागंल तेवढं पानी घ्या. मय्यतीचा हक हाय." घागरीवर घागरी आमच्या अंगणात आल्या. बायकांबरोबर मीही होते. कापूर घातलेलं ते गार, स्वच्छ पाणी मी माझ्या हातांनी तिच्या डोक्यापासून पायांपर्यंत ओतलं. जी बाई ते पाणी भिंतीआडून नुसतं ऐकत राहिली, तिला ते मेल्यावर मिळालं, हवं तेवढं. मी तिथंच, तिच्या ओल्या केसांतून हात फिरवताना, ठरवलं की या माणसाला माफ करायचं नाही. ते ठरवलेलं आजही तसंच आहे.

त्यानंतरच्या शुक्रवारी दादा मशिदीत गेला. मी घरातच होते. पलीकडे सगळे वजूसाठी पन्हळीशी रांगेत उभे. दादा रांगेत गेला नाही. तो आमच्या भिंतीपाशी आला आणि दोन्ही तळहात त्यानं मातीवर आपटले. या बाजूला माझ्या अंगावर धूळ पडली. आमच्यात पाणी नसेल तर मातीनं शुद्ध व्हायची सवलत आहे, तयम्मुम म्हणतात त्याला. मातीवर हात मारायचे आणि तोंडावरून, हातांवरून फिरवायचे. गनीसाहेब ओरडला, "विहिरीत पानी हाय, दस्तगीर! पानी आसताना तयम्मुम हुत न्हाई, नमाज बाद हुती." दादा म्हणाला, "जितं प्यायाला पानी न्हाई तितं मला मातीच बरी. माजी बाद झाली तर माजी झाली." मग काठी टेकत येणारी हाफिजसाबांची पावलं ऐकू आली. "तहानेसाठी पानी राखायचं आसंल तर माती चालती. म्याबी शिकलोय ह्ये," म्हातारा म्हणाला, आणि भिंतीवर दुसरे दोन हात पडले. मग आणखी. मग आणखी. माझ्या बाजूला घरभर धूळ उडत होती आणि मी तोंडाला पदर लावून रडत होते. हाफिजसाबांनी नमाज पढवली. गनीसाहेब त्यांच्या मागं उभा राहिला नाही. किल्ली विहिरीच्या कठड्यावर ठेवून तो घरी गेला आणि एकटा पढला.

पाऊस येईपर्यंत त्या विहिरीवर सगळं गाव भरत होतं. वरच्या वस्तीवरच्या बायकाही यायच्या. सोनाबाई पहिल्यांदा फाटकाच्या आत आली तेव्हा तिनं चपला बाहेर काढल्या आणि दादाला विचारलं, "मणेरदादा, आमी आत आल्यालं तुमच्या देवाला चालंल न्हवं?" दादा म्हणाला, "त्येला इचारून आलोय, भर."

ही गोष्ट इथं संपली असती तर मी हा लेख गोड लिहिला असता. पण तहान भागली की माणसाला धर्म आठवतो. पुढच्या वर्षी पाऊसपाणी झालं, सरकारनं वस्तीत हापसा बसवला, आणि जमातीची बैठक भरली. ज्यांनी आमच्या भिंतीवर हात मारले होते तेच पुन्हा म्हणायला लागले, की काही झालं तरी सदर नमाजी हवा. गनीसाहेब पुन्हा सदर. विहिरीला पुन्हा कुलूप. चुकीची नमाज पढवली म्हणून हाफिजसाबांना निरोप. त्यांची पत्र्याची पेटी एसटीच्या टपावर चढवायला दादाशिवाय कुणी आलं नाही. आणि दादाला जमातीबाहेर काढलं. लग्नाचं बोलावणं बंद, ईदेची गळाभेट बंद. मी चिडून साताऱ्याला चल म्हटलं, तर म्हणाला, "बायकांचं हात हितं हायेत." त्याला कशाचा राग यायचा नाही असं नाही. तो राग विड्यात घालून चघळत बसायचा. मला ते जमलं नाही. माझा राग मी दर सुट्टीत एसटीनं घेऊन जायची आणि दर सुट्टीत परत आणायची.

दोन वर्षांमागं गनीसाहेबाचा हजला जायचा नंबर लागला. आमच्यात हजला निघालेला माणूस आधी दारोदार जाऊन "कहासुना माफ करा" म्हणतो. अल्लाचं काही चुकलं तर अल्ला माफ करील, पण माणसाचं चुकलं तर ते त्या माणसानंच माफ करावं लागतं, अल्लाही त्याच्या वतीनं करत नाही. दसऱ्याच्या सुट्टीत मी घरी होते. गनीसाहेब नव्या पांढऱ्या कपड्यांत दारात उभा राहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"दस्तगीर, जातोय. काय कमीजास्त बोललो आसंल तर माफ कर."

दादानं त्याला पाट दिला, तांब्याभर पाणी दिलं. तो पिईपर्यंत थांबला. मग म्हणाला, "सदरसाब, मला जमातीभाईर काढलं, त्ये माजं. त्ये माफ. पर हुर्मतचं माज्याकडं न्हाई. त्ये तुमी तिच्याकडं मागा, कबरस्तानात. आन्‌ वरच्या वस्तीव जावा. ज्या ज्या बाईची घागर तुमच्या फाटकावनं रिकामी गेली तिच्या दारात जावा. सोनाबाईपास्नं सुरू करा."

"धनगरणीच्या दारात? हजची माफी मागाय?"

"घागर तिची हुती न्हवं?"

गनीसाहेब उठला. माळाकडे नाही गेला, स्टँडकडे गेला. मुंबईला जाऊन बोटीत बसला आणि हाजी होऊन आला. मी त्या काळात दररोज एकच दुवा मागितली, की भर समुद्रात बोटीवरचं पिण्याचं पाणी संपावं. चहूकडे पाणी असावं आणि त्याच्या घशाला कोरड पडावी. दादाला सांगितलं तर म्हणाला, "बोटीत बाकीचीबी मानसं हायेत, नूरी." मला तेव्हा बाकीच्या माणसांचा विचार सुचला नव्हता.

आता चैत्रात दादा गेला. बाजारात एका नवरीमुलीला बांगड्या भरत होता. ती मुलगी नंतर आईला घेऊन आमच्याकडे येऊन गेली. सांगत होती, "'हात सैल सोड, बाय' आसं म्हनलं, आन्‌ त्येंचाच हात सैल पडला." एका हातातल्या भरून झाल्या होत्या. दुसरा तिनं मोकळाच ठेवला होता, दुसऱ्या कुणाकडून भरून घ्यायचं मन होईना म्हणाली. मी दादाची पेटी उघडली आणि मला जमेल तसा तिचा दुसरा हात भरला. दोन फुटल्या.

जनाज्याची, म्हणजे मय्यतीवरची, नमाज मशिदीच्या आवारात झाली. बायका त्यात नसतात. मी घरात, भिंतीशी. नमाजेआधी गेलेल्याच्या वतीनं कुणीतरी लोकांची माफी मागतं, तशी रीत आहे. घरचं माणूस मागतं. आमच्या घरचा पुरुष कुणी उरलाच नव्हता. आणि मला भिंतीपलीकडून हाजी गनीसाहेबाचा आवाज ऐकू आला, जड, पवित्र, कापरा... "दस्तगीरनं कुनाचं काय वाईट केलं आसंल, कुनाला दुखावलं आसंल, तर आज त्येला दिलसे माफ करा." हा मागणार! माझ्या दादासाठी! मी भिंतीवर मूठ आपटली. माती पडली, आवाज पलीकडे गेला नाही.

चाळिसाव्याला सगळं गाव जेवलं. वरच्या वस्तीचे लोक आले, जमातीचेही आले; मेलेल्याला जमातीबाहेर ठेवता येत नाही. मे महिन्याचं ऊन होतं. हापसा आठ दिवसांपूर्वीच कोरडा पडला होता आणि बायका पुन्हा खाणीच्या वाटेला लागल्या होत्या. फाटकाला कुलूप. जेवणाचं पाणी सोनाबाईच्या मुलानं बैलगाडीतून पिंपानं आणलं. दुपारी सगळे गेल्यावर गनीसाहेब आला. फार म्हातारा झालाय. काठी आली, श्वास लागतो. पाट कुणी दिला नाही म्हणून उंबऱ्यावरच बसला. मान खाली घालून म्हणाला, "बेटी, दोगांच्या मागं तूच ऱ्हायलीस. त्येंच्या वतीनं तू माफ केलंस तर हुतंय. मला झोप लागत न्हाई." आयुष्यभर तहज्जुदला, त्या रात्रीच्या जास्तीच्या नमाजेला, उठणाऱ्या माणसाला आता झोप हवी होती. वरातीमागून घोडं. त्यानं काठी उंबऱ्याला टेकवली. मग ओठांवरून जीभ फिरवून म्हणाला, "जरा पानी दे, बेटी."

माठ माझ्या हाताशी होता. भरलेला. दादाच्या घरातून कुणी पाणी न पिता गेलेलं मला आठवत नाही. यालाही दिलं होतं त्यानं. मी म्हणाले, "भिंतीपलीकडं विहीर आहे, हाजीसाहेब. किल्ली तुमच्याच खिशात असेल."

त्यानं पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग काठी टेकत उठला.

मी आत येऊन भिंतीशी बसले, भाभी बसायची तिथं. पलीकडे कुलूप निघाल्याचा आवाज आला. रहाट करकरला, थांबला, पुन्हा करकरला. एकट्या म्हाताऱ्याला बादली ओढवत नव्हती. बादली कठड्यावर आपटली. ओंजळीनं पाणी प्यायल्याचा आवाज मी ऐकला. मग बराच वेळ काही नाही. मग काठी दूर जाताना ऐकू आली. कुलूप लागल्याचा आवाज मात्र आला नाही. मी संध्याकाळपर्यंत कान देऊन बसले होते, आला नाही. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत फाटकात घागरी वाजायला लागल्या आणि बायकांचं बोलणं सुरू झालं, त्यात सोनाबाईचा आवाज सगळ्यांत मोठा. अजून फाटक उघडं आहे म्हणतात. काही लोक याचं पुण्य हाजीसाहेबांना देतायत. मी देणार नाही. म्हातारा माणूस आहे, कुलूप लावायला विसरला असेल.

आमच्या भिंतीवर मशिदीच्या बाजूनं दर रमजानला चुना फिरतो. आमच्या बाजूला फिरत नाही. तिथं छातीच्या उंचीवर दोन खळगे आहेत. दादा बाजारातून आला की पेटी उतरवायच्या आधी दोन्ही तळहात तिथं टेकायचा. नमाज नव्हती ती, काही नव्हतं. नुसता टेकायचा आणि मग भाकरी मागायचा. साताऱ्याला निघायच्या दिवशी मी माझे हात तिथं ठेवून पाहिले. त्याचे हात रुंद होते, माझे आत मावून वर जागा उरते. पलीकडे रहाट चालू होता. मी गनीसाहेबाला माफ केलेलं नाही. तहानलेल्या म्हाताऱ्याला पाणी नाकारलं, तेही पापच, आणि त्याचा जाब कयामतीला मी देईन. पण ते पाप माझं एकटीचं आहे. त्यापायी गावात कुणाची घागर रिकामी गेलेली नाही.